डाव्या कानामागची काडी

सपाटी तपासायच्या लेव्हलच्या बाटलीतला बुडबुडा बरोबर मधात होता. दोन काळ्या रेघांच्या मधात, केसाएवढाही इकडं-तिकडं नाही. अन् तरी अख्खं जिनिंग, म्हणजे सरकी काढायचा तो कारखाना, डावीकडं कलंडलं. आता खरं सांगायचं तर श्रावणला पहिली भीती वाटलीच नाही, पहिला त्याला प्रश्न पडला. तो नव्या मशीनच्या चौकटीवर लेव्हल ठेवून गुडघ्यावर बसला होता, दसऱ्याला पंधरा दिवस होते, कापूस यायच्या आत मोतीलालशेठच्या बाराही मशीनी ठाकठीक करून ठेवायच्या होत्या, अन् एकदम टिनाचं छप्पर, छपराखालचा लांबच लांब शाफ्ट, त्याच्यावरून लोंबणारे पट्टे, दारातून दिसणारा बोरगावकडचा रस्ता अन् त्या रस्त्यावरून पाय मारत चाललेला कोण तो सायकलवाला, सगळं डावीकडून उजवीकडं वाहायला लागलं. वाहायचं अन् झटक्यानं परत जागेवर यायचं, परत वाहायचं. बुडबुडाही सगळ्यांसोबत वाहत होता, पण वाहता वाहताही दोन रेघांच्या मधातच होता, हे श्रावणनं पाहिलं. म्हणजे चौकट सरळ आहे. जमीन सरळ आहे. मग कलंडलं कोण? एवढं त्याच्या मनात आलं अन् त्यानं चौकटीला मिठीच मारली, लोखंडावर गाल टेकवला, अन् सकाळचा चहा-पोहे सगळं मशीनच्या पायाशी.

बबनराव तेलवाला धावत आला. बारा मशीनींना तेल पाजणं हे त्याचं काम, अन् जिनिंगातल्या प्रत्येकाची टर उडवणं हे त्याचं त्याच्यापेक्षा मोठं काम. "अबे श्रावण, सकाळी सकाळीच घेतली का बे?" श्रावणनं डोळे मिटूनच हात हलवला. "घेतली नाई ना बबनराव. जमीन फिरून राह्यली." "जमीन कायले फिरते? मी तर उभा हाओ इथं." "तू नको बोलू. तू बोलला का तू बी फिरते." मग बबनराव हसायचा थांबला, अन् त्यानं आपलं तेलकट फडकं श्रावणच्या डोक्याखाली दिलं.

पहिल्यांदा असं दोन वर्षांआधी झालं होतं, वडनेरला, चुलतभावाच्या लग्नात, पंगतीत बसला असताना. तेव्हा सगळ्यांनी मठ्ठ्यावर घातलं. मग होळीला झालं तेव्हा पित्तावर. नलूनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, धने-जिऱ्याचं पाणी दिलं, कोणी गंडा बांधला, एका डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्या गोळ्यांनी झोप चांगली यायची एवढंच. पण श्रावणला स्वतःला एक गोष्ट कळून चुकली होती अन् ती त्यानं कोणाला सांगितली नव्हती. चक्कर यायच्या आधी डाव्या कानात आवाज यायचा. सीझनच्या पहिल्या दिवशी इंजिन सुरू करून लांब शाफ्ट फिरायला लागतो ना, अजून पट्टे चढवले नसतात, नुसती घरघर, जमिनीतून आल्यासारखी, अगदी तशी. कान गच्च व्हायचा, कोणी रुई कोंबल्यासारखा, मग घरघर, मग जग फिरायचं. म्हणजे कोणीतरी आत शाफ्ट चालू करतं अन् मग पट्टा चढवतं. त्याला भीतीच्या वर हे नवल वाटायचं की आत असं आहे तरी काय. लहानपणी खळ्यावर पोरं पोरं हात पसरून गरगर फिरायची अन् धप्पकन आडवी पडायची, अन् मग आभाळ फिरताना पाहायची, कडुनिंबाचं झाड आभाळात लोंबताना पाहायची, खिदळायची. हीच चक्कर. तेव्हा तिच्यासाठी जीव टाकायचो, अन् आता? तेव्हा फिरणं थांबलं की थोड्या वेळानं जगही थांबायचं. आता तो फिरतच नव्हता अन् जग थांबत नव्हतं, एवढाच काय तो फरक, पण एवढ्याशा फरकात माणूस लोखंडाला मिठी मारून ओकत होता.

मोतीलालशेठ दुपारी आला, धोतराचा सोगा वर धरून, अन् खुर्ची ओढून श्रावणच्या समोर बसला. शेठ वाईट माणूस नव्हता. "श्रावणभाऊ, आज मशीन बंद होती. सीझनमधी शाफ्ट चालू असताना तू पट्ट्यावर पडला, तर मी नलूबाईले काय तोंड दाखवू? सांग." पट्ट्यानं काय होतं ते श्रावणनं पाहिलेलं होतं, पुलगावला, एका माणसाचा सदरा फक्त टोकाला अडकला होता. "दिवाळीनंतर कापूस येईन. तवरोक डॉक्टरचा कागद आण, का हा माणूस पडत नाई म्हणून. नाई आणला तर गोदामात बस, रुईच्या गाठी मोज. तुले काढत नाई मी. पण मशीनपाशी येऊ देत नाई." गाठी मोज! श्रावणला हे शब्द घरी जाईपर्यंत चावत राहिले. कारण तो फिटर होता, अन् साधा फिटर नव्हता, तो काडीवाला फिटर होता. अख्ख्या वर्धा जिल्ह्यात तेव्हा असे तीन की चारच उरले होते.

आता ही काडी म्हणजे काय, तर सागाची, हातभर लांब, अंगठ्याएवढी जाड, एका टोकाला पितळेची टोपी. चालू मशीनच्या बेरिंगवर पितळेचं टोक टेकवायचं अन् दुसरं टोक कानामागच्या हाडावर. कानात नाही बरं, कानामागं, जिथं हाडाचं टेंगूळ लागतं ना, तिथं. मग बाहेरचा सगळा गोंगाट राहतो बाहेर अन् मशीनच्या पोटातलं बोलणं सरळ डोक्यात येतं. चांगला बेरिंग गुणगुणतो. तेल कमी झालं की कण्हतो. गोळी फुटली की मधूनच टिक करतो, अन् ते टिक दोन दिवस आधी ऐकलं तर बेरिंग बदलता येतो, नाही ऐकलं तर शाफ्ट वाकतो, ठिणगी उडते, अन् जिनिंगात ठिणगी म्हणजे काय ते सांगायला नको, चहूकडं रुईच रुई. ही काडी त्याला महादेवरावांनी दिली होती. म्हातारा त्याचा गुरू, पांढऱ्या मिशांचा, जिनिंगात चाळीस वर्षं काढलेला. श्रावण सतरा वर्षांचा असताना त्यानं त्याला मशीनपाशी उभं केलं अन् त्याच्या डाव्या कानामागं स्वतःच्या अंगठ्यानं दाबून जागा दाखवली. "इथं. डाव्या हातानं धर, डाव्या बाजूनं आयक. उजवा हात पान्यासाठी मोकळा ठेव. अन् डोये मीट. डोये उघडे ठेवून कोणाले आयकू आलं आजपावतर?" अन् श्रावणनं डोळे मिटले, अन् त्याला आयुष्यात पहिल्यांदा लोखंड बोलताना ऐकू आलं. ते तो कधी विसरला नाही. म्हातारा मेला तेव्हा नलू म्हणाली रडून घ्या थोडं, तर त्याला रडू आलं नाही, त्यानं फक्त डाव्या कानामागं अंगठा दाबून पाहिला.

मोठ्या दवाखान्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टर होत्या काळमेघबाई, अमरावतीकडच्या, तिशीच्या आत-बाहेरच्या, चष्मा केसांत खोचून तोच टेबलावर शोधणाऱ्या. त्यांनी श्रावणला चार दिवस बोलावलं. कानात गार पाणी सोडलं, गरम पाणी सोडलं, अन् दर वेळी त्याच्या डोळ्यांकडं पाहत राहिल्या. बंद खोलीत बसवून कानांवर डबे लावले अन् आवाज आला की बोट वर करायला सांगितलं. मग कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या. उजव्या कानाची रेघ वर, सरळ. डाव्याची खाली खाली, उतरणीला लागल्यासारखी. श्रावणचं लक्ष रेघांकडं नव्हतं. टेबलावर प्लास्टरचा एक मोठा कान ठेवला होता, उघडून दाखवायचा, अन् त्याच्या आत, शंखाला चिकटून, तीन बांगड्यांसारखं काहीतरी होतं, तीन वाकड्या नळ्या, तिन्ही वेगवेगळ्या तोंडाच्या. "हे काय असते बाई?" त्यानं विचारलं. "त्यातच तर तुमची चक्कर आहे." बाई म्हणाल्या. "यात पाणी असतं. डोकं हललं की पाणी मागं राहतं, अन् मेंदूला कळतं की आपण कुठं हललो. एक नळी उभी, एक आडवी, एक बाजूला झुकण्यासाठी." श्रावण खुर्चीवरून अर्धा उठला. "म्हणजे लेव्हल! तीन लेव्हल बाटल्या! एक लेव्हल लांबीत ठेवतो, एक रुंदीत..." "काय असतं ते?" बाईंनी विचारलं, अन् मग दहा मिनिटं श्रावण सांगत होता अन् बाई ऐकत होत्या, बाहेर पेशंटची रांग लागलेली, सिस्टर दोनदा डोकावून गेली. "पण यात बुडबुडा कुठं हाये?" "बुडबुडा नाही. नुसतं पाणीच." "मंग सरळ हाये का नाई ते कसं समजते?" "हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता." बाई हसल्या अन् चष्मा शोधायला लागल्या.

तर भानगड अशी होती की डाव्या कानातलं ते पाणी वाढत होतं. जागा तेवढीच, पाणी जास्त, मग आतला पडदा फुगायचा, कधी फाटायचा, अन् मेंदूला खोटी बातमी जायची की माणूस फिरतोय. उजवा कान सांगतो सरळ आहे, डावा सांगतो पडलो, अन् मधात मेंदू, बिचारा, दोन भावांच्या भांडणातल्या आईसारखा. गोळ्या देऊन झाल्या होत्या. आता ऑपरेशन. बाईंनी काही लपवलं नाही. एक ऑपरेशन होतं ज्यात वाढलेल्या पाण्याला वाट करून देतात, त्यात ऐकू येणं शाबूत राहू शकतं, पण त्यासाठी मुंबईला जावं लागेल, अन् चक्कर थांबेलच असं कोणी लिहून देणार नाही. दुसरं इथंच होईल. त्यात कानामागचं हाड कोरून आत जायचं अन् त्या तिन्ही नळ्या उघडून आतलं सगळं काढून टाकायचं. "खोटी बातमी देणारा माणूसच उठवायचा तिथून. मग मेंदू एका कानावर चालायला शिकतो. महिना-दीड महिना लागतो. पण चक्कर जाते. अन् त्या कानानं मग काहीच ऐकू येत नाही, कधीच." श्रावणनं विचारलं, कानामागचं हाड म्हणजे कुठलं. बाईंनी बोट लावून दाखवलं. अगदी तिथंच. जिथं महादेवरावांचा अंगठा होता तिथंच. श्रावण उठला. "नाई जमणार बाई. हा माह्या कामाचा कान हाये." "अहो पण त्या कानानं तुम्हाला ऐकूच येत नाही फारसं, हा बघा कागद." "कागदाले नसन येत. काडीनं येते मले. खणखण येते." अन् तो निघून आला.

घरी त्यानं नलूला सगळं सांगितलं, म्हणजे प्लास्टरचा कान, तीन नळ्या, लेव्हल, बाईंचा चष्मा, हे सगळं हातवारे करून सांगितलं, अन् ऑपरेशनचं शेवटी, एका वाक्यात. नलू भाकरी थापत होती. "मंग काय ठरवलं?" "नाई करत. तो कान गेला तर मी फिटर कायचा?" "अन् पट्ट्यावर पडले तर कायचे?" तव्यावरची भाकरी फुगली, तिनं ती उलटली. "एक सांगू का? रागावसान नाई?" "सांग." "तुम्हाले समजलं काय, मी कोणत्या बाजूनं बसते जेवताना?" श्रावणनं पाहिलं. ताट समोर, पाण्याचा गडवा, अन् नलू चुलीपाशी, त्याच्या उजवीकडं. "आधी मी तिकडं बसो," तिनं उलथण्यानं डावीकडं दाखवलं, "चूल इकडं हलवली मी. दोन वर्स झाले. डाव्या बाजूनं बोलली का तुम्ही नुसतं हूं करत होते. मले वाटे राग आला का काय. मंग समजलं का तुम्हाले आयकूच येत नाई." चूल हलवली! श्रावणनं भिंतीकडं पाहिलं. डावीकडच्या कोपऱ्यात भिंत अजून काळी होती, धुरानं, अन् त्याच्यावर तिनं चुन्याचा हात फिरवला होता तरी काळं खालून दिसत होतं. दोन वर्षं तो तिथं बसून जेवत होता अन् त्याला चूल हललेली दिसली नव्हती. मशीनची चौकट सुतानं हलली तर त्याला रात्री झोप येत नसे. "सांगितलं काऊन नाई?" "काय सांगू? बहिरे झाले म्हणून? थो कान तर तुमचा देव होता." हे ती टोमण्यानं नाही, सरळ बोलली, म्हणून ते जास्त लागलं. पण काडीनं येते ना, तो स्वतःशीच म्हणाला, काडीनं तर येते. मग असा कसा कान हा, नलूसाठी बंद अन् लोखंडासाठी चालू? या विचारानं त्याला जेवू दिलं नाही. त्याला राग यायला पाहिजे होता, वाईट वाटायला पाहिजे होतं, ते वाटलंही, पण सगळ्याच्या वर ती जुनी खाज होती, की हे होतं कसं.

दुसऱ्या दिवशी तो काडी घेऊन दवाखान्यात गेला. काखेत काडी घेऊन रांगेत बसला, बायाबापड्या त्याच्याकडं पाहत होत्या, एकीनं विचारलंही, "बाप्पा, झाडफूक बी करते काय इथं?" काळमेघबाईंनी काडी हातात घेऊन उलटीपालटी केली, पितळेची टोपी पाहिली, वास घेतला. "दाखवा." कोपऱ्यात कानातला पू ओढायचं मशीन होतं, लहानशी मोटर. श्रावणनं ते चालू करायला लावलं, टोपी मोटरीवर टेकवली, दुसरं टोक डाव्या कानामागं, डोळे मिटले. "मागचा बेरिंग चालला तुमचा. टिक करून राह्यला. आठ दिवस नाई काढत." बाई खरंच चकित झाल्या. मग त्यांनी ड्रॉवरमधून दोन दातांचा लोखंडी चिमटा काढला, गुडघ्यावर आपटला, तो वाजायला लागला, अन् त्याचा दांडा श्रावणच्या कपाळाच्या बरोबर मधात टेकवला. "कुठं वाजतं?" श्रावण म्हणाला, "मधात," अन् मग थांबला. मधात वाजत नव्हतं. "उजवीकडं." "आता?" आता दांडा डाव्या कानामागं होता, त्याच्या जागेवर. वाजत होतं, चांगलं वाजत होतं. "कुठं?" एकवीस वर्षांत त्याला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. काडी डावीकडं लावली म्हणजे आवाज डावीकडं, त्यात विचारायचं काय? पण आता तो डोळे मिटून त्या आवाजामागं गेला, जसा मशीनीत आवाजामागं जायचा, कुठून येतो, कुठं जातो, अन् आवाज डावीकडून आत शिरला, अन् थांबला नाही, अंधारातून सरळ पुढं गेला, अन् पार दुसऱ्या टोकाला, उजव्या कानात, जाऊन बसला.

"अजून एक," बाई म्हणाल्या. त्यांच्याकडं चावीचं एक डबडं होतं, नळी कानात घालून चावी सोडली की कर्रर्र असा आवाज करणारं. दुसरा दिवस असता तर श्रावणनं पहिले ते डबडं उघडून पाहिलं असतं. बाईंनी काडी परत मोटरीवर अन् डाव्या कानामागं टेकवायला लावली, मग ते उजव्या कानात घातलं अन् सोडलं. काडी मेली. मोटर चालू होती, काडी जागेवर होती, बोटांना थरथर लागत होती, अन् आत काही नाही. "असं कसं बाई, एवढ्या कर्करमधी कोणाले आयकू येईन!" श्रावण ओरडला. "बरोबर. म्हणून आता डाव्यात घालते." डबडं डाव्या कानात गेलं. कर्कर आली, पण लांबून, शेजारच्या घरात कोणी सुपारी कातरावी तशी. अन् काडी, त्याच डाव्या कानामागची काडी, स्पष्ट, खणखणीत, टिक, टिक, टिक. हाडाला बाजू नसते, कवटी सगळी एकच, एका टोकाला ठोकलं की दुसऱ्या टोकाला पोचतं, हे लोखंडाबद्दल तो रोज दुसऱ्यांना समजावून सांगायचा. स्वतःच्या डोक्याबद्दल त्याच्या मनातच आलं नव्हतं.

त्याला पहिले महादेवराव आठवले. म्हाताऱ्याला डावीकडून हाक मारली की तो वळायचाच नाही. "काका! ओ काका!" नाही म्हणजे नाही. उजवीकडं जाऊन हाक मारावी लागायची. पोरं म्हणायची म्हाताऱ्याला गर्व आहे. गर्व! अन् तोच म्हातारा डाव्या बाजूनं काडी लावून सांगायचा, चौथी मशीन बंद करा. त्याला माहीत होतं का? का त्यालाही कोणी अंगठ्यानं दाबून जागा दाखवली होती, अन् त्यानं ती जपली, अन् ज्याला कान समजला तो नुसता दरवाजा होता, अन् ऐकणारा पार मागच्या खोलीत बसलेला, ज्याची कोणी विचारपूस केली नाही? श्रावणला हसू यायला लागलं अन् डोळ्यांत पाणीही यायला लागलं, अन् बाईंनी मोटर बंद केली. "करा," तो म्हणाला. "पण मले गुंगी नका देऊ पूर्ण. मले आयकाचं हाये."

पूर्ण गुंगी दिलीही नाही, तेव्हा असं करायचे, सुया टोचून जागा बधिर केली, थोडं झोपेचं औषध, बस. हिरव्या कापडाखाली त्याचं डोकं उजव्या कुशीवर, अन् ड्रिल सुरू झालं. दुखत नव्हतं. पण आवाज! आवाज सगळ्या डोक्यात होता, काडीच्या दहापट, कारण आता मधात काडी पण नव्हती, हाडावर सरळ ड्रिल. अन् तो आवाज डाव्या बाजूला होत होता अन् ऐकत होता उजवा, म्हणजे आपला एक कान खोदला जाताना दुसऱ्यानं ऐकणं, असं कोणाच्या नशिबी येतं? हाड कुठं भरीव आहे, कुठं मधाच्या पोळ्यासारखं पोकळ आहे, ते त्याला आवाजावरून कळत होतं. "बाई," तो कापडाखालून बरळला, "बेरिंग झकास हाये तुमच्या ड्रिलचा." "बोलू नका श्रावणभाऊ, बोललं की जबडा हलतो." मग ड्रिलचा सूर बदलला, बारीक झाला, घट्ट, हस्तिदंतावर चालल्यासारखा. बाई कोणाला तरी म्हणाल्या, आडवी नळी दिसली. अन् मग त्यांनी ती उघडली, अन् श्रावण टेबलावरून पडला. पडला नाही, पट्ट्यांनी बांधलेला होता, पण तो पडला, कापूस भरलेल्या अथांग विहिरीत, गरगरत, छप्पर नाही, जमीन नाही, लेव्हल नाही. त्या गरगरीतही कुठंतरी तो म्हणत होता, ही शेवटची बातमी, आता हा माणूस उठला तिथून.

पुढचे चार दिवस काय सांगायचे. जग आता उलट्या बाजूनं वाहायचं, उजवीकडून डावीकडं. तो उशी दातांत धरून पडायचा, नलू कपाळावर ओला हात ठेवून बसायची, उजव्या बाजूनं. पाचव्या दिवशी बाईंनी त्याला उभं केलं. "आता हा मेंदू शाळेत घाला. जितकं चालाल तितका लवकर शिकेल." वॉर्डात काळ्या-पांढऱ्या फरशा होत्या, काळ्या फरशांची एक सरळ रांग दारापर्यंत, तिच्यावरून चालायचं. पहिल्या दिवशी तीन फरशा. नलू पुढं पाठमोरी चालायची, हात पसरून, जसं लेकराला चालवावं. "इकडं पाहा, मह्याकडं. खाली नका पाहू." दहा. बावीस. दारापर्यंत. दार ओलांडून व्हरांड्यात. डोळे उघडे असले की जमत होतं. डोळे मिटले की मात्र तो कापलेल्या झाडासारखा डावीकडं जायचा. "ते राहील," बाई म्हणाल्या, "काही दिवस, कदाचित कायमचं. एकाच कानाच्या बाटल्या उरल्या ना, आता डोळ्यांनी मदत करायची. अंधारात भिंत धरा, अन् उभ्यानं डोळे मिटू नका." कागद त्यांनी लिहून दिला. अन् दवाखान्यातून बाहेर पडेपर्यंत श्रावणच्या लक्षात आलं नाही, की त्यांनी काय सांगितलं. टांग्यात बसल्यावर आलं. उभ्यानं डोळे मिटू नका. अन् काडी लावताना तर डोळे मिटावेच लागतात. एकवीस वर्षं, एकदाही, त्यानं उघड्या डोळ्यांनी काडी लावली नव्हती.

जिनिंग सुरू होऊन आठवडा झाला होता. शेठनं कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला, अन् म्हणाला, "पाह्य. तुह्या मनानं घे." इंजिन धडधडत होतं, पट्टे सळसळत होते, बाराही मशीनींवर बाया कापूस टाकत होत्या अन् खालून सरकी अन् पुढून रुई. बबनरावनं डावीकडून काहीतरी म्हटलं, श्रावण वळला नाही. बबनराव उजवीकडून आला. "अबे गर्व आला का काय तुले?" "हो," श्रावण म्हणाला, "म्हाताऱ्यावानी." तो एकेका मशीनपाशी गेला, पट्ट्यापासून हात राखून, फरशीवरच्या रेघेसारखी जमिनीवरची एक रेघ डोळ्यांनी धरून. तिसऱ्यापाशी थांबला. काडी काढली. "आता तो कान मेला ना बे," बबनराव म्हणाला, "उजव्या बाजूनं लाव." "डाव्या हातातच बसते गड्या." टाक्यांच्या खुणेच्या जरा खाली, हाडावर, त्यानं काडी टेकवली. पापण्या आपल्याआपच मिटायला लागल्या, अन् मिटताच मशीन डावीकडं झुकलं, अन् त्यानं झटकन डोळे उघडले. डोळे उघडे ठेवून कोणाला ऐकू आलं आजपर्यंत? त्यानं उघडे ठेवले. काही ऐकू येईना. नुसता गोंगाट, नुसती हवेतली रुई. समोर मशीनवर एक बाई कापूस टाकत होती, अनुसयाबाई, अकरा वर्षं याच तिसऱ्या मशीनवर. तिच्या भुवयांवर रुई बसली होती. तिचे दोन्ही हात कापसाच्या ढिगात बुडायचे अन् निघायचे, अन् दर चौथ्या वेळी डावा हात नकळत थोडा थांबायचा, एवढासा, अन् पुन्हा चालायचा. श्रावण त्या हाताकडं पाहत राहिला. हात थांबला, अन् त्याच वेळी डाव्या कानामागून काहीतरी आत शिरलं, अंधारातून आरपार गेलं, अन् पलीकडं बसलं. टिक. हात, हात, हात, थांबला. टिक. मशीन अडखळत होतं अन् तिच्या हातांना ते आधीपासून माहीत होतं, अन् अकरा वर्षं तो तिच्यापासून हातभर अंतरावर डोळे मिटून उभा राहत होता.

"काय पाह्यता जी श्रावणभाऊ?" अनुसयाबाईनं गोंगाटात ओरडून विचारलं.

"तुमाले समजते ना?" तो ओरडला. "मशीन अडखळते ते?"

"समजते ना. आठ दिवसापासून अडखळून राह्यली." तिनं हातानं भुवईवरची रुई पुसली. "कोणी इचारलं कुठं?"

श्रावणनं काडी खाली घेतली अन् बबनरावला खूण केली. "तिसरी बंद कर. मागचा बेरिंग." पट्टा उतरला, अन् अनुसयाबाईचे दोन्ही हात कापसावर थांबले, अन् तो अजून पाहतच होता.